घसा ठीक आहे

माझा आवाज गेला तो नववीच्या वर्गात, समास शिकवताना. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच सुरू झाली होती. फळ्यावर 'मीठभाकर' लिहिलं, वर्गाकडे वळले, याचा विग्रह कोण करेल असं विचारायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवाच. पोरांना आधी वाटलं, बाई गंमत करतायत. मग पहिल्या बाकावरच्या मुलीने तिची पाण्याची बाटली पुढे केली. मी प्यायले, घसा खाकरला. खाकरण्याचा आवाज नेहमीसारखा खणखणीत आला. शब्द मात्र कुजबुजीतच निघाला.

आमची शाळा गिरगावात, रस्त्याला लागून. पंचवीसेक वर्षं मी तिथे मराठी शिकवते आणि माझा आवाज ही शाळेतली एक प्रसिद्ध गोष्ट होती. माइक बंद पडला की मला बोलवायचे. खालचा फुलवाला मला म्हणायचा, "बाई, तुमचं व्याकरण आम्हाला पण पाठ झालं." त्या दिवशी मी उरलेला तास फळ्यावर लिहून काढला. इतका शांत वर्ग मी आयुष्यात पाहिला नव्हता.

चार दिवस गरम पाणी, हळद, ज्येष्ठमध झालं. मग दादरच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. नवरा बरोबर होता. डॉक्टरांनी नाकातून बारीक कॅमेरा आत घातला आणि माझा घसा मलाच पडद्यावर दाखवला. गुलाबी, ओला, जिवंत. "घसा ठीक आहे," ते म्हणाले. "स्वरतंतू उत्तम हलतायत. जरा खोका बघू."

मी खोकले. दवाखाना दणाणला.

"बघा. आवाज आहे. बोलताना तो लागत नाहीये एवढंच." ते चांगले गृहस्थ होते, घाई न करता बोलत होते. "ताणामुळे असं होतं कधीकधी. मी स्पीच थेरपिस्टकडे पाठवतोच, घशाला पुन्हा सवय लावावी लागेल. पण त्याबरोबर एखाद्या मानसोपचार करणाऱ्या थेरपिस्टशीही बोलून घ्या."

बोलून घ्या! जिला बोलता येत नाही तिला हे सांगत होते. पण मला राग त्याचा नव्हता आला. चोरी पकडल्यासारखं वाटलं होतं. खोकला येतो, आवाज येतो, म्हणजे मी सोंग करतेय असाच त्याचा अर्थ होत नव्हता का? बाहेर येऊन मी नवऱ्याला कुजबुजत तेच विचारलं.

"छे गं," तो म्हणाला. "डॉक्टर सांगतायत तर जाऊन ये ना. त्यात काय." थोडं पुढे चालून गेल्यावर म्हणाला, "आईला मात्र आत्ताच नको सांगू. ती उगाच काहीतरी अर्थ काढत बसेल."

आम्ही लालबागला राहतो. चाळ पाडून तिथे उंच इमारत उभी राहिली, त्यात आम्ही, म्हणजे मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाई मालवणकडच्या. लग्न होऊन लालबागला आल्या त्याला साठ वर्षं होत आली तरी त्यांची बोली जशीच्या तशी आहे आणि आवाज माझ्याहूनही मोठा. माझा आवाज गेल्यावर त्यांनी पहिल्याच संध्याकाळी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. मी काही म्हटलं नाही. म्हणता आलंच नसतं.

त्या दिवसांत एक गंमत माझ्या लक्षात आली. मी कुजबुजले की समोरचाही कुजबुजायचा. भाजीवाली, वॉचमन, बँकेतली मुलगी, सगळे माझ्याकडे झुकून, एखादं गुपित सांगावं तसं बोलायचे. "ताई, मेथी अर्धी जुडी देऊ?" हेसुद्धा असं, की कुणी ऐकलं तर पंचाईत. घरात नवराही हळू बोलायला लागला. फक्त सासूबाईंच्या आवाजात काडीचा फरक पडला नाही. त्या काळात मला त्यांचाच काय तो आधार वाटायचा.

डॉक्टरांची चिठ्ठी मी पर्समध्ये ठेवून दिली आणि थेरपिस्टचं नाव काढलं नाही. शाळेने मला कार्यालयात कागदपत्रांच्या कामाला बसवलं होतं. एकदा मधल्या सुट्टीत आमच्या इंग्रजीच्या टीचर माझ्या टेबलाशी येऊन बसल्या. त्या माझगावच्या, ख्रिस्ती. माझ्याएवढीच त्यांची नोकरी झालेली. आमचा डबा रोज एकत्र असायचा, पण आम्ही कधी फार आतलं बोललो नव्हतो.

"डॉक्टरने काय सांगितलं तुला?" त्यांनी विचारलं.

मी एका कागदावर लिहिलं, 'घसा ठीक आहे.'

त्यांनी तो वाचला आणि हसल्या नाहीत. "मग थेरपीला जा बोलला असेल."

मी मान हलवली.

"मी जायची," त्या म्हणाल्या. "माझा नवरा गेला ना, त्यानंतर. एक वर्ष जात होती. दर शनिवारी. तुम्हाला सगळ्यांना वाटायचं मी चर्चच्या कामाला जाते."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्या वर्षीही आम्ही रोज शेजारी बसून जेवत होतो.

"काय करतात तिथे?" मी कुजबुजले.

"काय नाय गं. बसतात. तू बोलते, ती ऐकते. कधी ती एक सवाल विचारते आणि तू घरी येऊन दोन दिवस तोच विचार करते." त्यांनी मोबाइल काढला आणि नंबर पाठवला. "फोन करू नको, मेसेज कर. आणि ऐक, पहिल्या दिवशी काय तरी भारी सांगायला पाहिजे असं काय नसतं. मी पहिल्या दिवशी पूर्ण वेळ आमच्या लीक होणाऱ्या बाथरूमबद्दल बोलली."

मी मेसेज केला. लगेच उत्तर आलं नाही, तेव्हा हायसं वाटलं. संध्याकाळी आलं. नीट मराठीत होतं. वेळ, पत्ता, आणि खाली एक ओळ, 'तुम्हाला बोलायला त्रास होत असेल तर काळजी करू नका, आपण लिहूनही भेटू शकतो.' ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. जाऊ नये असं वाटण्यासाठी माझ्याकडे जेवढी कारणं होती, त्यातलं सगळ्यात मोठं तिने न विचारता काढून घेतलं होतं.

जायच्या दिवशी मी साडी नेसत होते तेव्हा सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "खय चाललंस?"

"दादरला. डॉक्टरकडे."

"मनाच्या डाक्टराकडे ना? माका ठावक आसा. तो काल बाल्कनीत फोनार बोलत हुतो." तो म्हणजे त्यांचा मुलगा. त्याला ज्यांच्यापासून लपवायचं होतं त्यांना त्यानेच सांगून ठेवलं होतं. "एकटा जावचा नाय. मी येतंय."

"आई, तुम्ही कशाला उगाच..."

"मी भायर बसान. आत येवचंय नाय." आणि त्या चपला शोधायला लागल्यासुद्धा.

टॅक्सीत माझ्या डोक्यात काय काय चाललं होतं. लांब कोच असेल, त्याच्यावर आडवं व्हायला लावतील. लहानपणाबद्दल विचारतील आणि मला धड काही आठवणार नाही. गोळ्या देतील. शाळेला कळवतील. सगळ्यात वाईट म्हणजे, पाच मिनिटांत त्यांच्या लक्षात येईल की या बाईला काहीही झालेलं नाही आणि खऱ्या आजारी माणसाची जागा ही अडवून बसलीय. सासूबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. परळच्या पुलावर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि नंतर तो काढायला विसरल्या.

जागा दादरच्या एका जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर. खाली झेरॉक्सचं दुकान. दारावर नुसती छोटी पाटी. आत दोन वेताच्या खुर्च्या, मनीप्लांट, टेबलामागे एक तरुण मुलगी. तिने माझं नाव हळूच विचारलं, पाणी दिलं. सासूबाईंनी खुर्ची तिच्या टेबलाजवळ ओढून घेतली.

थेरपिस्ट बाई स्वतः दारापर्यंत आल्या. माझ्या जुन्या विद्यार्थिनींपेक्षाही लहान वाटल्या. सुती कुडता, केस मागे बांधलेले. माझा थोडा भ्रमनिरास झाला, खरं सांगते. मला कुणीतरी पांढऱ्या केसांचं हवं होतं.

खोलीत कोच नव्हता. दोन साध्या खुर्च्या, एकमेकींच्या अगदी समोर नाहीत, थोड्या तिरप्या, म्हणजे डोळ्याला डोळा द्यायचा नसेल तर खिडकी बघता यावी. मधल्या टेबलावर कोरे कागद, पेन आणि टिश्यूचा डबा. त्या डब्याकडे बघून मी मनात ठरवलं, हा काही मला लागणार नाही.

"तुम्हाला जसं सोपं जाईल तसं," त्या म्हणाल्या. "कुजबुजा, लिहा, मानेने सांगा. मध्ये गप्प बसावंसं वाटलं तरी चालेल." त्या स्वतः नेहमीच्या आवाजात बोलत होत्या. इतक्या दिवसांत माझ्याशी न कुजबुजणारं सासूबाईंनंतर हे दुसरंच माणूस.

मग त्यांनी मला नियम सांगितले. इथे बोललेलं इथेच राहील. शाळेला नाही, घरच्यांनाही नाही. अपवाद एकच, माझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर त्या गप्प बसणार नाहीत, आणि तसं झालं तर आधी मलाच सांगतील. औषधं त्या देत नाहीत, गरज वाटली तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवतील. भेट पाऊण तासाच्या आसपास. "आणि आज मीच जास्त प्रश्न विचारीन. एखाद्याचं उत्तर द्यायचं नसेल तर 'नको' म्हणा. तुम्हालाही मला काही विचारायचं असेल तर विचारा."

मी पेन उचललं आणि लिहिलं, 'मी सोंग करते आहे का?'

त्यांनी वाचलं. "नाही," त्या म्हणाल्या. लगेच, एवढं एकच. मग थोड्या वेळाने, "सोंग करणाऱ्याला ते कधी थांबवायचं ते ठरवता येतं. तुम्हाला येतं?"

मी मान हलवली. नाही.

त्यांनी झोपेचं विचारलं, भुकेचं विचारलं, घरात कोण कोण आहे, दिवस कसा जातो. आधी असं काही झालं होतं का. मग त्याच सुरात, भुकेबद्दल विचारावं तसंच, "कधी जगू नये असं वाटतं का? स्वतःला इजा करावी असं?" मी दचकले. नाही, तसं नव्हतं. पण हा प्रश्न मला कुणी कधी इतक्या सरळ विचारला नव्हता. राग येईल असं वाटलं होतं, पण उलट जरा सावरून बसले. या मुलीला काहीही सांगितलं तरी ती घाबरणार नाही, एवढं मला त्यातून कळलं.

"गेल्या वर्षभरात घरात काही मोठं घडलं?"

"वडील गेले," मी कुजबुजले. "गणपतीच्या आधी. वय झालं होतं." हे 'वय झालं होतं' मी इतक्या वेळा म्हटलं होतं की ते आपोआप जोडून येत होतं.

मी खिडकीकडे बघत होते. आणि तेवढ्यात बाहेरून, बंद दारातून, सासूबाईंचा आवाज आला.

"आमच्या सुनेचो आवाज म्हणजे काय सांगू तुका, बाय! ती गिरगावात शिकवता ना, तर चर्नीरोड स्टेशनार लोकांका व्याकरण कळता!"

टेबलामागच्या मुलीचं हसणं ऐकू आलं. आणि मला हसू फुटलं. आतून, पोटातून, मोठ्याने. माझंच हसणं, माझ्याच आवाजात. "त्या माझ्या सासूबाई," मी म्हणाले.

म्हणाले. कुजबुजले नाही. तीन शब्द, पूर्ण आवाजात. मी घाईघाईने पुढचं काही बोलायला गेले, तर पुन्हा हवा.

"ऐकलं मी," थेरपिस्ट बाई म्हणाल्या. टाळ्या वाजवल्या नाहीत, पुन्हा म्हणा असंही म्हणाल्या नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे. "बाहेरचं आत ऐकू येतंय, सॉरी. मी त्यांना जरा हळू बोलायला सांगू का?"

मी नको म्हणायच्या आतच बाहेरचा आवाज पुन्हा आला. या वेळी तो त्यांच्या मानाने बराच खालचा होता, पण आमच्यापर्यंत पोचला.

"बापूस गेलो तिचो. तेच्यानंतर एकदा पण रडूक नाय गो ती. मी बघतंय ना."

मला वाटत होतं, कुणाच्या ते लक्षात आलेलं नाही.

बाबा परळच्या इस्पितळात गेले, दुपारी. भाऊ परदेशात. त्याला फोन केला तेव्हा तो इतका रडला की त्याला बोलताच येईना. "तूच सांग सगळ्यांना," तो म्हणाला, "तुझा आवाज स्थिर असतो." तेव्हा मी इस्पितळाच्या व्हरांड्यात उभी राहून एकेकाला फोन लावत गेले. काका, आत्या, मावशी, बाबांचे ऑफिसातले मित्र, गिरगावच्या चाळीतले शेजारी. "बाबा गेले. हो. नाही, त्रास नाही झाला. वय झालं होतं." पलीकडचं माणूस रडायचं, मी त्याला धीर द्यायचे, फोन ठेवायचे, पुढचा लावायचे. सगळे म्हणाले, किती धीराची आहेस. दिवसकार्य झाल्यावर मी लगेच शाळेत गेले, सहामाहीचे पेपर तपासले, दिवाळीचा फराळ नव्हता करायचा म्हणून कपाटं आवरली.

हे सगळं मी तिथे सांगितलं. थोडं कुजबुजत, थोडं लिहून, कारण हात आवाजापेक्षा भरभर चालत होता. आणि कधीतरी मध्येच त्या टिश्यूच्या डब्याकडे माझा हात गेला. रडताना आवाज होता. चांगला मोठा होता. बाहेर एकदम शांतता झाली, म्हणजे सासूबाईंनी ऐकलं.

वेळ संपत आल्यावर थेरपिस्ट बाईंनी हळूच सांगितलं की आता दहाएक मिनिटं राहिलीत, तेव्हा जरा सावरायला वेळ घेऊ. पाणी दिलं. खोलीत निळ्या रंगाच्या किती वस्तू दिसतात ते बघायला सांगितलं. ते मला पोरकट वाटलं, पण मी बघितल्या आणि श्वास जागेवर आला.

"म्हणजे बाबांमुळे आवाज गेला?" मी विचारलं. मला गणित सुटल्यासारखं हवं होतं.

"माहीत नाही अजून," त्या म्हणाल्या. "असेलही. आणखीही काही असेल. पहिल्या भेटीत मी ते ठरवत नाही. तुम्हाला इथून काय हवंय?"

"वर्गात जायचंय."

"ठीक. मग त्या दिशेने जाऊ. स्पीच थेरपिस्टकडेही जात राहा, दोन्ही लागेल. आणि माझ्याशी सूर जुळत नाही असं वाटलं तर तेही सांगा. मी दुसरं कुणी सुचवीन, त्यात वाईट वाटून घेणार नाही."

मी पुढच्या आठवड्याची वेळ घेतली.

खाली उतरल्यावर सासूबाई जिन्याशी थांबल्या. "काय इचारल्यान तिना?"

"बाबांचं," मी म्हणाले. कुजबुजीतच, पण हे बाहेर सांगता येतंय याचंच मला नवल वाटलं.

त्यांनी मान हलवली. आणि मग आम्ही समोरच्या दुकानात पीयूष प्यायलो. त्यांना साखर आहे, त्यांना ते चालत नाही. त्या दिवशी दोघींपैकी कुणीच त्याचा विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी उठले आणि आवाज परत आला, असं काही झालं नाही. उलट त्या रात्री मी फार थकून झोपले आणि पुढचे दोन दिवस उगाचच डोळे भरून यायचे. भात टाकताना, लिफ्टची वाट बघताना. हे होऊ शकतं असं थेरपिस्ट बाईंनी सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरले नाही. नवऱ्याने एकदा विचारलं, "त्रासच वाढलाय ना?" मी म्हटलं, नाही, हा वेगळा आहे. तो आणखी काही न विचारता शेजारी येऊन बसला.

मी जात राहिले. स्पीच थेरपिस्ट मला ओठ मिटून गुणगुणायला लावायच्या, मग गुणगुणण्यातून एक अक्षर, मग शब्द. दादरच्या त्या खोलीत आम्ही बाबांबद्दल बोललो, आणि मी नेहमी खंबीरच असायचं हे कुणी ठरवलं त्याबद्दलही. कधी आवाज यायचा, अर्धा तास टिकायचा, शाळेच्या पायऱ्या चढताना जायचा. असं दोनदा झालं. दुसऱ्यांदा मी घरी येऊन पर्स आपटली आणि आता पुन्हा जाणार नाही म्हणून सांगितलं. पुढच्या आठवड्यात गेले. तो राग तिथे सांगितला, आणि तो सांगताना लक्षात आलं की मी पूर्ण आवाजात भांडतेय.

मी भावाला फोन केला, तेव्हा मार्च चालू होता. आम्ही दोघं पहिल्यांदा बाबांबद्दल धड बोललो. या वेळी मी रडले आणि तो म्हणाला, "थांबू नको, मी आहे लाइनवर."

परीक्षेआधीचे थोडेच दिवस उरले होते तेव्हा मुख्याध्यापकांनी विचारलं, एक तास घेऊन बघता का. नववीचाच. मी वर्गात गेले. पोरं उभी राहिली. मी "बसा" म्हटलं. आवाज आला, पण पूर्वीचा तो रस्त्यावर पोचणारा नव्हता. खालच्या पट्टीतला, थोडा खरखरीत. शेवटच्या बाकापर्यंत जाईल की नाही याची मला खात्री नव्हती, म्हणून मीच बाकांच्या मधून चालत मागे गेले आणि तिथे उभी राहून शिकवायला लागले. सगळी पोरं वळून बसली. खिडकीपाशी बसणारा एक उंच मुलगा, जो एरवी कधी पुस्तक उघडत नाही, तो म्हणाला, "बाई, इथूनच शिकवा ना रोज. मस्त ऐकू येतं."

त्या तासाला अलंकार शिकवले. मध्ये दोनदा घसा अडखळला, तेव्हा थांबले, पाणी प्यायले, पुढे बोलले. घंटा झाली तरी माझं एक उदाहरण राहिलं होतं. ते पूर्ण करून मगच त्यांना सोडलं.